एस्टोनियन घरी ईस्टरचं आमंत्रण आलंय, तर काय असतं आणि काय न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं काही महिन्यांपूर्वी एस्टोनियातल्या तार्तू शहरात राहायला आलात. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं ईस्टरला त्याच्या आईवडिलांकडे वॉरु भागातल्या गावी बोलावलंय. चर्चला जावं लागेल का, कपडे काय घालायचे, हातात काय न्यायचं, आणि बायको अंडं खात नाही तर पंचाईत होईल का?

मी मूळची वसईची, लग्नानंतर इथे आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावच्या वाचनालयात मुलांना अंडी रंगवायला शिकवते. म्हणजे हात कांद्याच्या सालांनी तपकिरी झालेली बाई तुम्हाला उत्तर देतेय असं समजा.

आधी चर्चचा प्रश्न निकालात काढू. बहुधा जावं लागणार नाही. २०२१च्या जनगणनेत आपण अमुक एका धर्माचे आहोत असं सांगणारे लोक इथे फक्त २९ टक्के निघाले, त्यात १६ टक्के ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चचे, आणि ८ टक्के लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. वसईत ईस्टर म्हटलं की शनिवारी रात्रीचा मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना, नवे कपडे, उभं राहायला जागा नाही इतकं भरलेलं देऊळ. मी तेच डोळ्यांसमोर ठेवून पहिल्या वर्षी भरजरी पंजाबी ड्रेस घालून खाली उतरले, तर सासूबाई लोकरी पायमोजे आणि ॲप्रन घालून अंड्यांना चिंध्या बांधत बसलेल्या. तेव्हा कपडे साधे, उबदार, आणि डाग पडला तरी जीव हळहळणार नाही असे घाला.

तरी एक गोष्ट तुम्हाला आधीच कळू शकते. त्या सहकाऱ्यानं बोलावताना सणाचं नाव कोणतं घेतलं? इथे या एकाच सणाला चार-पाच नावं आहेत, आणि घरात कोणतं नाव चालतं त्यावरून तिथे काय चालणार याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘लिहावॉत्तेद’. लिहा म्हणजे मांस आणि वॉत्मा म्हणजे घेणं. चाळीस दिवसांचा उपास संपला, आता मांस पुन्हा ताटात घ्यायचं, इतका सरळ अर्थ. उपास सुरू होण्याआधीच्या सणाला जुन्या भाषेत ‘लिहाहेइदे’ म्हणायचे, म्हणजे मांस टाकणं. गोव्याचा कार्निव्हल ज्या शब्दातून आला त्यातही मांसच आहे, म्हणून मला हे ऐकताक्षणी कळलं होतं. आज उपास फारसा कोणी करत नाही, पण नाव टिकलंय. हे नाव घेणाऱ्या घरात साधारण सगळंच थोडं थोडं असतं.

‘मुनादेप्यूहाद’ म्हणजे अंड्यांचा सण. ज्या घरात लहान मुलं आहेत किंवा आजी खमकी आहे, तिथे हे नाव. ‘कीगेप्यूहाद’ म्हणजे झोक्यांचा सण. हे पश्चिमेकडचं आणि बेटांवरचं नाव, तुमच्या वॉरुकडे सहसा ऐकू येणार नाही. ‘यूलेस्तॉउस्मिसप्यूहा’ म्हणजे पुनरुत्थानाचा सण. सरकारी कॅलेंडरात आणि पाद्र्यांच्या तोंडी हेच असतं. यजमानांनी हा शब्द वापरला असेल तर मात्र रविवारी सकाळी चर्चला जायची तयारी ठेवा आणि नीट इस्त्रीचे कपडे घ्या. शेवटचं ‘केवादप्यूहाद’, वसंताचा सण. सोव्हिएत काळात धार्मिक सणाला सुट्टी नव्हती, नाव घेणंही सोयीचं नव्हतं, तेव्हा हा बिनधोक शब्द रुळला. आमच्या सासूबाई अजून तोच वापरतात. त्यांच्या लहानपणी गुड फ्रायडे हा कामाचाच दिवस असे, पण संध्याकाळी पडदे ओढून घेऊन अंडी मात्र रंगायचीच. अंड्यांना कोणी हरकत घ्यायची तर कशी घेणार, वसंतात कोंबड्या अंडी घालतातच!

सुट्ट्यांबद्दल एक सूचना. गुड फ्रायडे आणि ईस्टरचा रविवार या सरकारी सुट्ट्या आहेत, पण सोमवार नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत असतो म्हणून इथेही असेल असं धरून परतीचं तिकीट सोमवार संध्याकाळचं काढू नका.

गुड फ्रायडेला इथे म्हणतात ‘सूर रेदे’, मोठा शुक्रवार. नावात सूर असला तरी दिवस निःशब्द असतो. जुन्या लोकांचा नियम असा की या दिवशी आवाज होईल असं काम करायचं नाही. लाकडं फोडायची नाहीत, शेतात जायचं नाही, बायकांनी सूत कातायचं नाही. आता दुकानं उघडी असतात आणि तरुण मंडळी त्या दिवशी गाडी धुतानाही दिसतील, पण खेड्यात म्हाताऱ्या माणसांसमोर शुक्रवारी मोठ्यानं गाणी लावू नका. कोणी बोलणार नाही. नुसतं बघतील, आणि एस्टोनियन माणसाचं ते बघणं पुरेसं असतं. शुक्रवारीच पोहोचलात तर गप्प बसून चहा पिण्याची मानसिक तयारी ठेवा. गप्पा न मारता शेजारी बसून राहणं हा इथे आदराचाच प्रकार आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

शनिवार हा कामाचा दिवस, आणि हाच माझा आवडता.

आता अंडी. वाचनालयात मी मुलांना शिकवते तीच पद्धत सांगते. अंडी पांढरी हवीत. तपकिरी कवचावर कांद्याचा रंग चढतो, पण नक्षी उठत नाही. पहिल्या वर्षी मी फ्रिजमधून काढलेली तपकिरी अंडी थेट उकळत्या पाण्यात सोडली होती. सहा तडकली, बाकीची जशी होती तशीच दिसत राहिली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पांढऱ्या अंड्यांचा खोका माझ्यासमोर सरकवून त्या बाहेर निघून गेल्या. ईस्टरच्या आधी इथल्या दुकानांत पांढरी अंडी आधी संपतात, त्यामुळे गुरुवारपर्यंत घेऊन ठेवा.

अंडं आधी दोन तास बाहेर ठेवून गार काढायचं. मग ओलं करायचं आणि कच्च्या तांदळात किंवा जवाच्या कण्यांत लोळवायचं. जिथे दाणा चिकटेल तिथे रंग कमी पोहोचतो आणि पांढरट ठिपका राहतो. त्यावर एखादं पान ठेवायचं. एप्रिलच्या सुरुवातीला इथे बाहेर हिरवं म्हणून काही नसतं, तेव्हा शेपूची काडी किंवा पार्सलीचं पान चालतं. शेपूची नक्षी सगळ्यात सुंदर येते, अगदी बारीक तुरा कवचावर छापल्यासारखा. आता कांद्याची कोरडी सालं चारही बाजूंनी दाबून लावायची आणि वरून जुन्या सुती कापडाचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्यानं करकचून बांधायचं. पुरचुंडी सैल राहिली की सालं सरकतात आणि नक्षीचा चिखल होतो. मुलांच्या हातून नेमकं इथेच बिघडतं. काही जणी कापडाऐवजी जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा वापरतात. ते सोपं पडतं, पण मला कापडच बरं वाटतं.

पातेल्याच्या तळाशी उरलेली सालं पसरायची, पुरचुंड्या ठेवायच्या, गार पाणी अंड्यांच्या वर येईल इतकं घालायचं आणि मंद आचेवर उकळी आणायची. उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं. मग आच बंद करून अंडी त्याच पाण्यात मुरू द्यायची, जितका वेळ तितका रंग गडद. सोडवताना सगळं घर गोळा होतं, कारण आत काय निघेल हे कोणालाच माहीत नसतं. पिवळट, तांबूस, विटकरी, मधूनच सालीचा हिरवा शिरा, संगमरवरी दगडासारखं काहीतरी. शेवटी कोरडं करून लोण्याचा किंवा तेलाचा हात फिरवला की चकाकतं.

इतर रंगही आहेत. वाळवून ठेवलेल्या बर्चच्या पानांचा पिवळा, लाल कोबीचा निळा. लाल कांद्याच्या सालांनी गडद तपकिरी येतो. मी हळद वापरून बघितली. रंग उत्तम बसतो, पण सासूबाईंच्या लाकडी ओट्यावर डाग पडला तो अजून आहे, तेव्हा पाहुण्यांनी हा प्रयोग करू नये.

रविवारी सकाळी न्याहारीला बसलं की अंडी खाण्याआधी लढवतात. याला ‘मुनाकोक्सिमिने’ म्हणतात. दोघांनी एकेक अंडं घ्यायचं आणि टोकावर टोक आपटायचं. ज्याचं फुटलं तो हरला, बहुतेक घरांत त्याचं अंडं जिंकणाऱ्याला जातं. माझे सासरे यात पक्के मुरलेले. ते अंडं निवडताना समोरच्या दातांवर हलकेच वाजवून बघतात, आवाजावरून कवच किती जाड ते कळतं म्हणे. मला तो आवाज चौदा वर्षांत कळलेला नाही. माझी युक्ती वेगळी: अंडं मुठीत असं धरायचं की फक्त टोकाचा टिकलीएवढा भाग बाहेर राहील, आणि दुसऱ्याला आपटू द्यायचं. तुमच्या पत्नी अंडं खात नसल्या तरी इथे त्यांना मजेत भाग घेता येईल. जिंकलेली अंडी मुलांना वाटून टाकल्या तर घरातल्या लाडक्या पाहुण्या होतील.

त्यांच्यासाठी जेवणाची सूचना मात्र गंभीरपणे घ्या. टेबलावर ‘स्युल्त’ असतं, म्हणजे डुकराच्या मांसाची गार, जेलीसारखी वडी. बटाट्याच्या सॅलडमध्ये सॉसेज असतं आणि वर अंडंही. ‘रोसोल्ये’ नावाचं सुंदर गुलाबी बिटाचं सॅलड दिसेल, त्याला भुलू नका, त्यात खारवलेला हेरिंग मासा असतो. काळ्या ब्रेडवर छोटे खारे मासे आणि वर अंड्याची चकती हे तर ठरलेलंच. तेव्हा आधीच फोन करून ‘मांस, मासा, अंडं नाही’ असं तिन्ही शब्द उच्चारून सांगा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलंत तर अंडं आणि कदाचित मासाही येईल. यजमानांना वाईट वाटत नाही, उलट ऐन वेळी ताट रिकामं ठेवलेलं पाहून वाटतं. काळा राईचा ब्रेड, लोणी, चीज, उकडलेले बटाटे, काकडीचं लोणचं यावर पोट व्यवस्थित भरतं. जेवणारी माणसं बसलेली असताना आत आलात तर ‘यॅत्कु लेइबा’ म्हणा, भाकर पुरून उरो. समोरून ‘यॅत्कु तार्विस’ असं उत्तर येतं. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उजळतात ते बघण्यासारखं असतं.

गोडात मुख्य ‘पास्हा’. हा पदार्थ ऑर्थोडॉक्स रशियन बाजूनं आला आणि आता सगळ्यांचा झाला. ‘कोहुपीम’ म्हणजे दुधाचा आंबट, घट्ट, पनीर आणि चक्का यांच्यामधला प्रकार. तो चाळणीतून काढायचा, लोणी, साखर, आंबट साय, अंड्याचा बलक, व्हॅनिला, बेदाणे घालून फेटायचा, मलमलीत बांधून रात्रभर दडपून ठेवायचा. लाकडी साचा नसेल तर तळाला भोक असलेली स्वच्छ नवी कुंडी वापरतात. कुंडीखाली ताटली, वर वजन, सकाळी ताटलीत पाणी साठलेलं. सासूबाईंनी हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आम्ही खुंटीला टांगतो! पुढच्या वर्षी मी चक्का बांधला, वेलची-केशर घातलं आणि श्रीखंड नेलं. आमच्याकडे आता त्याला ‘भारतीय पास्हा’ म्हणतात आणि ते आधी संपतं. पास्ह्यात बलक बऱ्याचदा कच्चाच असतो, कधी जिलेटीनही असतं, तेव्हा तुमच्या पत्नींना ते चालणार नाही. म्हणून तुम्ही श्रीखंडच न्या. इथल्या घट्ट दह्याचा चक्का छान पडतो, पण आदल्या रात्री बांधायला हवा. यजमानांना भेट आणि बायकोची सोय, दोन्ही एका डब्यात.

फुलं नेणार असाल तर डॅफोडिल किंवा ट्युलिप न्या, पण मोजून. संख्या विषम हवी. सम संख्येतली फुलं इथे अंत्यविधीला नेतात. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात ना, तसंच लक्षात ठेवा. आणि दारात बूट काढायचे, हे तुम्हाला सांगायला नकोच.

घरात शिरल्यावर खिडकीत एक बशी दिसेल, त्यात ओट्स किंवा रायगवताचे हिरवेगार अंकुर. आपल्या घटातल्या धान्यासारखंच, फक्त इथे त्याची पूजा नाही, त्यावर रंगीत अंडी मांडायची. शेजारी फुलदाणीत बर्चच्या फांद्या असतात. आठवडाभर आधी आणून पाण्यात ठेवल्या की घरातल्या उबेनं पालवी फुटते. बाहेर चिखल आणि कधी कधी बर्फ, आत चार हिरवी पानं. ससा आणि चॉकलेटची अंडी हे सगळं जर्मन वळणाचं आणि नंतरचं, त्याबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही, दुकानात दिसतंच.

फुलदाणीत विलोच्या मऊ केसाळ कळ्यांच्या काड्याही दिसतील, ‘उर्वाद’. त्या आधीच्या रविवारच्या. आमच्याकडे वसईत ईस्टरच्या आधीचा तो झावळ्यांचा रविवार, इथे झावळ्या आणायच्या कुठून? म्हणून विलो. त्या दिवशी सकाळी लवकर उठून झोपलेल्या माणसांना त्या काड्यांनी हलकेच फटके द्यायचे, वर्षभर तब्येत राहावी म्हणून. तुम्ही आठवडाभर आधी गेलात तर पांघरुणातून पाय बाहेर काढू नका.

झोक्याचं सांगायचं राहिलं. ‘कीक’ म्हणजे आपल्या बागेतला पाळणा नाही. जाड ओंडक्यांचे उंच खांब, वर आडवी तुळई, खाली लाकडी फळी, आणि त्यावर समोरासमोर उभे चार-सहा जण. गुडघे एकदम वाकवायचे आणि एकदम ताठ करायचे, ताल चुकला की झोका रुसतो. पूर्वी गावातली मुलं ईस्टरला झोका उभा करायची आणि मुली त्याचा मोबदला म्हणून त्यांना रंगीत अंडी द्यायच्या. कोणी कोणाला कोणतं अंडं दिलं यावरून गावात चर्चा व्हायची असं आजेसासूबाई सांगायच्या. झोक्यावर म्हणायची वेगळी गाणी आहेत, एकीनं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी उचलायची. नागपंचमीच्या झोक्यावरची गाणी ऐकलेल्या बाईला ते परकं वाटत नाही. वेल्यो तोर्मिस या संगीतकारानं १९६६-६७ मध्ये एस्टोनियन सणांच्या गाण्यांवर गायनवृंदासाठी रचना केल्या, त्यात एक पूर्ण भाग झोक्याच्या गाण्यांचा आहे. आणि झोका पार वर नेऊन तुळईवरून गरगरा फिरवायचा ‘कीकिंग’ हा खेळ १९९३मध्ये आदो कोस्क यांनी याच देशात काढला. तो बघा, करू नका. गावात झोका असेल आणि हवा कोरडी असेल तर जेवणानंतर सगळे तिकडे जातीलच. राजधानी तालिनमधल्या रोक्का अल मारेच्या खुल्या संग्रहालयातही ईस्टरला झोका, अंडी, सगळं बघायला मिळतं, पण घरचं आमंत्रण असताना तिकडे कशाला जायचं.

तुमचं वॉरु असल्यामुळे एक जास्तीची गोष्ट. तिथून पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून सेतोमा आहे. सेतो लोक ऑर्थोडॉक्स, त्यांची बोली वेगळी, आणि त्यांचं ‘लेएलो’ गायन २००९मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. त्यांचं ईस्टर पूर्वेकडच्या चर्चच्या गणितानं येतं. २०२५मध्ये दोन्ही २० एप्रिललाच आले, २०२४मध्ये मात्र ३१ मार्च आणि ५ मे इतकं अंतर होतं. २०२६मध्ये ५ आणि १२ एप्रिल. म्हणजे सहकाऱ्याच्या घरात कोणी सेतो असेल तर तारीख पुन्हा एकदा विचारून घ्या, आमच्या ओळखीतलं एक जोडपं एक आठवडा आधी केक घेऊन पोहोचलं होतं.

सेतो ईस्टर मात्र खरोखर देवळातलं असतं. मध्यरात्रीची प्रार्थना, मेणबत्त्या घेऊन चर्चभोवती फेरी, आणि नंतर भेटेल त्याला ‘क्रिस्तुस ओन यूलेस तॉउस्नुद’, ख्रिस्त उठला आहे. उत्तर द्यायचं ‘तॉएस्ति यूलेस तॉउस्नुद’, खरोखर उठला आहे. दुपारी अंडी घरंगळवण्याचा खेळ. वाळूत उताराची घसरण करतात, वरून एकेकानं आपलं अंडं सोडायचं, ते दुसऱ्याच्या अंड्याला लागलं तर ते आपलं. टोपीभर अंडी जिंकून घरी जाणारे साठीचे गृहस्थ मी पाहिलेत, चेहरा अगदी गोट्या जिंकलेल्या पोरासारखा. यात टोक जाड असून उपयोग नाही, अंडं गोल हवं म्हणजे सरळ जातं. खिशात दोन गोलसर अंडी घेऊन जा.

रविवारी पहाटे उठता आलं तर उठा. जुनी समजूत अशी की ईस्टरच्या सकाळी उगवता सूर्य आनंदानं नाचतो, आणि म्हातारी माणसं तो बघायला बाहेर पडायची. आमच्या आजेसासूबाई शेवटच्या वर्षापर्यंत काळी शाल घेऊन अंगणात उभ्या राहायच्या. त्यांना तो नाचताना दिसायचा. मला थंडीनं डोळ्यांत पाणी आल्यावर दिसला होता.

शुभेच्छा द्यायच्या तर ‘हॅइद प्यूही’ पुरे. कोणत्याही नावाच्या घरात चालतं.

आणि एक काम आजपासूनच सुरू करा, कांद्याची सालं टाकू नका. एका कागदी पिशवीत कोरडी ठेवा, प्लास्टिकमध्ये ठेवलीत तर बुरशी येते. वीसेक अंड्यांना मोठं पातेलं भरून सालं लागतात, आणि ऐन शनिवारी एवढी कोणाकडेच नसतात. पाहुण्यानं पिशवीभर सालं आणली तर श्रीखंडापेक्षा जास्त कौतुक होतं, हे स्वानुभवानं सांगते.